एकेचाळिसावी ओळ

फोन सकाळी आला. अनोळखी नंबर होता, म्हणून मी आधी उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला, तर पलीकडून एक बाई शांतपणे म्हणाली, "मी रुक्साना तांबोळी, नगरहून बोलतेय. अब्बा परवा गेले. त्यांच्या डायरीत तुमचा नंबर होता. सगळ्यांना कळवतेय, म्हणून तुम्हालाही..." मी विचारलं, "काही त्रास झाला का?" ती म्हणाली, "नाही. सकाळचा चहा घेतला आणि बसल्या जागी गेले." मी फोन खाली ठेवला. हमीदभाई शहाऐंशी वर्षांचे होते. त्या वयात माणूस जातो, त्यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. मला बसला तो धक्का वेगळाच होता. आता मला जे सांगायचं होतं, ते ऐकायला तो माणूसच राहिला नव्हता.

त्याला आता सहा आठवडे होऊन गेलेत. जे त्यांच्यासमोर बोलायचं होतं, ते इथं लिहिते आहे.

एकाहत्तर साली मी नगरला नोकरीला लागले. गणितात बी. एस्सी. झालेली होते आणि पुण्यात सहा महिन्यांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग केला होता. एवढ्या शिदोरीवर मला एका नव्या कार्यालयात घेतलं. त्या कार्यालयाचं काम असं, की धरणाचं पाणी कालव्यातून कुणाला, कधी, किती तास द्यायचं, याचा हिशोब कॉम्प्युटरवर करायचा. कॉम्प्युटर अर्थात नगरला नव्हता. आम्ही तिघं प्रोग्रॅम कागदावर लिहायचो, त्याची भोकं पाडलेली कार्डं तयार व्हायची, ती कार्डं क्रमानं लाकडी पेटीत लावून जीपनं पुण्याला जायची आणि तिथल्या एका संस्थेच्या यंत्रावर आठवड्यातून दोन तास आमचं काम चालायचं. परत यायचा तो रुंद पट्टेदार कागद. त्यावर एकेका चारीचं नाव आणि समोर तास. चारी म्हणजे मुख्य कालव्यातून गावाकडं जाणारा फाटा. तो कागद पाटकऱ्यांच्या हाती जायचा, आणि कागदात लिहिल्याप्रमाणं ते दारं उघडायचे. लोकांना ते यंत्र म्हणजे देवाचा कौल वाटायचा. आम्हालाही थोडंसं तसंच वाटायचं... आणि देवाची लिपी येणारे पुजारी आम्ही!

या पुजाऱ्यांवर नजर ठेवायला एक तपासनीस नेमला होता, तो म्हणजे हमीद तांबोळी. मूळचे पाथर्डी तालुक्यातले. मॅट्रिक झालेले, कालव्यावर पाण्याची मापं घेण्याच्या कामात दहा वर्षं काढलेले. प्रोग्रॅम कसा लिहायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि तशी अपेक्षाही नव्हती. वरून नऊ नियमांचा एक टाइप केलेला कागद आला होता. आधी आकृती काढायची, मग लिहायचं. प्रत्येक बदल तारखेनिशी वहीत नोंदायचा. आणि सगळ्यात जाचक म्हणजे सातवा नियम : प्रोग्रॅम यंत्राला देण्याआधी लिहिणारा सोडून दुसऱ्या कुणीतरी तो हातानं चालवून बघायचा. म्हणजे आपणच यंत्र व्हायचं, एकेक ओळ वाचायची, ती सांगेल ती बेरीज-वजाबाकी कागदावर करायची आणि यादीतल्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीचं उत्तर काढून दाखवायचं. बदल तीन कार्डांचा असला तरी हे सगळं पुन्हा करायचं. त्याला दीड-दोन दिवस लागायचे. हे नियम आम्ही पाळतो की नाही, एवढंच हमीदभाईंनी बघायचं. त्यांची सही झाल्याशिवाय पेटी जीपमध्ये चढत नसे.

आम्हाला त्यांचा राग यायचा. ज्याला एक ओळ लिहिता येत नाही, त्यानं आम्हाला अडवायचं! सुरुवातीला मी एकदा त्यांना तसं बोललेही. ते हसले नाहीत की चिडले नाहीत. म्हणाले, "बाई, मला तुमचं ते फोर्ट्रान कळत न्हाई, व्हय. पन काम झालं का न्हाई, ते मानसाला कळतं."

कळतं म्हणजे कसं, ते मला पुढच्याच महिन्यात समजलं. माझ्या जोडीदाराचा प्रोग्रॅम मी हातानं चालवून बघायचा होता. कंटाळा आला. आधीच्या खेपेची उत्तरं माझ्याकडं होतीच, त्यांवरून मागं जात आकडे मांडून मी सुबक तक्ता तयार केला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडं धरला, पाठीमागून पाहिला आणि माझ्यापुढं सरकवला. "बाई, ह्यो तुमी चालवलेला न्हाई."

"कशावरून?"

"दीड दिस मानूस आकडे मोडत बसला, तर कागदावर खोडाखोड असती. शाईचा डाग असतो. ह्याच्यावर एक बी न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी साहेबांना सांगितलं असतं तर माझी सहा-सहा महिन्यांनी वाढणारी हंगामी नेमणूक तिथंच संपली असती, आणि घरी माझे वडील अंथरुणाला खिळलेले, पाठच्या दोघी बहिणी शाळेत. ते फक्त म्हणाले, "सोमवारी द्या. खोडाखोडीसकट." त्या सोमवारनंतर मी कधीही खोटा तक्ता दिला नाही. हळूहळू आमच्यात एक विश्वास तयार झाला. त्यांच्या बायकोचं, जुबेदाभाभींचं, छातीचं दुखणं होतं; नगरच्या दवाखान्यात उपचार चालू होते, म्हणूनच त्यांनी धडपडून इथं बदली करून घेतली होती. रुक्साना तेव्हा रांगत होती. दुपारच्या सुट्टीत ते सायकल दामटत घरी जाऊन येत आणि मी विचारलं की सांगत, "आज दोन घास जास्त खाल्ले तिनं." एवढ्यावर त्यांची दुपार चांगली जायची.

मग बहात्तर साल आलं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली. धरणात पाणी होतं ते थोडकं, आणि उभी पिकं, फळबागा, जनावरं, पिण्याचं पाणी या सगळ्यांच्या तोंडी ते पुरवायचं होतं. त्या वर्षी आमच्या कागदातल्या एकेका तासाला वजन आलं. बाहेर लोकांची रीघ असायची. कुणी मोठ्यानं बोलत नसे. सगळे नुसते उभे राहायचे, आणि ते उभं राहणं जास्त जड वाटायचं.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे, त्या सकाळी वरून तोंडी हुकूम आला की कालव्याच्या वरच्या अंगाला एक नवी चारी काढली आहे, तिचं नाव यादीत घाला. यादी चाळीस चाऱ्यांची होती, ती एकेचाळीस झाली. मी नवं नाव तिसऱ्या जागी घातलं, तिथली कार्डं बदलली आणि दुपारी दोन वाजता पेटी तयार ठेवली. जीप चारला निघणार होती. नियमाप्रमाणं पुन्हा हातानं चालवायला हवं होतं, म्हणजे दीड दिवस.

हमीदभाईंनी सही करायला नकार दिला. आमचे मोठे साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. पण त्या दिवसांत त्यांच्या गळ्याशी आलेलं होतं. त्यांनी हमीदभाईंना आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. पातळ लाकडी फळीच्या पलीकडून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"तांबोळी, यंत्र आज मिळतंय. आजचं चुकलं तर पुढच्या आठवड्यात. तोवर लोकांना काय सांगू? कालवा कोरडा का, तर तांबोळींची सही नाही?"

"साहेब, नियम मी केलेला न्हाई."

"नियम चांगल्या दिवसांसाठी असतात."

"चांगल्या दिसांत कुनाला लागतोय साहेब नियम..."

मग पुन्हा तेच. साहेब म्हणाले, सही होईपर्यंत इथंच बसा. वरचा पत्रा तापलेला होता. तीन वाजले, सव्वातीन झाले. ते बसून राहिले. आज मला कळतं, की त्या माणसाला तेव्हा बाहेर पडायला वाटच नव्हती. सही नाकारली तर आठवडाभर कालवा कोरडा, त्याचं पाप त्यांच्या माथी. सही केली तर न बघितलेल्या कागदाचं. शिवाय साहेबांनी एकदा बदलीचा शब्दही उच्चारला होता, आणि बदली म्हणजे जुबेदाभाभींचा दवाखाना सुटणं. तरी ते तासभर "न्हाई" म्हणत राहिले.

साडेतीनला मला आत बोलावलं. साहेब खिडकीकडं तोंड करून उभे होते. हमीदभाईंनी मान वर केली. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजून खुर्चीला चिकटली होती. त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी सोता चालवून बघितलंय का? पयली वळ आन् शेवटची?"

मी पहिली ओळ चालवून पाहिली होती. शेवटची नव्हती पाहिली. वेळच झाला नव्हता. पण बदल तर तिसऱ्या जागी होता, शेवटाला काय होणार? मला तिथून सुटायचं होतं, त्यांना सोडवायचं होतं, जीप जायला हवी होती...

"हो," मी म्हणाले. "दोन्ही."

त्यांनी एक क्षण माझ्याकडं पाहिलं आणि पेन उचललं. साहेबांच्या तासाभराच्या दाबापुढं जो माणूस वाकला नव्हता, त्यानं माझ्या एका शब्दावर सही केली. खोडाखोडीचा कागदसुद्धा मागितला नाही.

यादी एकेचाळीस झाली होती, पण प्रोग्रॅममध्ये आणखी एका ठिकाणी, मोजणीच्या ओळीत, मी चाळीसच ठेवलं होतं. यंत्रानं इमानदारीनं चाळीस चाऱ्या मोजल्या आणि ते थांबलं. शेवटची चारी कागदावर उमटलीच नाही. ती होती सोनसावळी नावाच्या गावाची, कालव्याच्या अगदी शेपटाला. शेवटची ओळ कुणीही पाच मिनिटं चालवून पाहिली असती, तरी ती तिथं नाही हे दिसलं असतं.

आम्हाला कळलं तोवर पाणी सोडायची ती पाळी संपत आली होती. सोनसावळीचे लोक आधी पाटकऱ्याकडं, मग तालुक्याला, असे हेलपाटे घालून शेवटी आमच्या दारात आले. त्यांत पन्नाशीची एक बाई होती. हातात मोसंबीची डहाळी, पानं वळून सुरळी झालेली. ती साहेबांना म्हणाली, "पाट आमच्या शिवंपतूर आला न् थांबला. पाटकरी म्हनतो, कागदात तुमचं गावच न्हाई. साहेब, मंग आमी गेलो कुठं?"

मी माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि ओळी मोजल्या. चाळीस. पुन्हा मोजल्या. हमीदभाई शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी माझं बोट कुठं थांबलं ते पाहिलं.

पुढच्या पाळीत देऊ, असं साहेबांनी सांगितलं. पण धरणातलं उरलेलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवण्याचा निर्णय झाला आणि पुढची पाळी आलीच नाही. सोनसावळीच्या मोसंबीच्या बागा त्या उन्हाळ्यात उभ्या वाळल्या. धान्याचं पीक गेलं तर पुढच्या वर्षी पेरता येतं. मोसंबीचं झाड फळाला यायला पाच-सहा वर्षं लागतात... हे मी त्याआधी कधी लक्षातही घेतलं नव्हतं.

चौकशी झाली. पुण्याहून एक अधिकारी आले. त्यांनी टेबलावर नऊ नियमांचा कागद ठेवला आणि सातव्यावर बोट ठेवलं. "हातानं चालवल्याचा तक्ता?"

"न्हाई," हमीदभाई म्हणाले.

"मग सही?"

"माझी हाय."

"कुणी सांगितलं म्हणून केलीत?"

मी तीन हातांच्या अंतरावर बसले होते. साहेब टाचणी फिरवत होते. हमीदभाईंनी ना त्यांच्याकडं पाहिलं, ना माझ्याकडं. "सही करनाऱ्यानं बघायचं असतं साहेब. मी न्हाई बघितलं." ते मला वाचवत होते असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. आता मला तसं वाटत नाही. त्यांना जे खरं वाटत होतं तेच ते बोलले. खोटं मी बोलले होते, आणि ते सांगणं माझं काम होतं. अधिकाऱ्यांनी मला चूक कशी झाली एवढंच विचारलं. मी चाळीस आणि एकेचाळीस समजावून सांगितलं. ते म्हणाले, "लिहिणाऱ्याकडून चूक व्हायचीच, म्हणून तर तपासनीस असतो." आणि वही मिटली. मला एक वाक्य बोलायचं होतं. "मी त्यांना हो म्हणाले होते," एवढंच. दारातून बाहेर पडेपर्यंत ते जिभेवर होतं.

हमीदभाईंची बदली अकोले तालुक्याच्या डोंगरात झाली. एका ओढ्यावर पाण्याची पातळी मोजायची चौकी होती, तिथं. सर्द हवा, पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, दवाखाना कित्येक मैल लांब. छातीचं दुखणं असलेल्या बायकोला तिथं नेणं शक्यच नव्हतं. जुबेदाभाभी रुक्सानाला घेऊन नगरलाच भावाकडं राहिल्या.

मी तिथं एकदाच गेले, दोनेक वर्षांनी, कार्यालयाच्या कामानं. भाताची कापणी झालेली होती, खाचरांतून नुसती खुंटं उभी होती. जीप जिथं थांबली तिथून अर्धा तास चालत जावं लागलं. एक दगडी खोली, वर पत्रा, समोर ओढ्यात रोवलेली काळी-पांढरी मोजपट्टी. हमीदभाई खंगले होते. त्यांनी चुलीवर काळा चहा केला. दिवसातून चार वेळा पट्टी वाचायची : सहा, दहा, दोन, सहा. मधल्या चार तासांत जेवढं लांब जाऊन परतता येईल, तेवढंच त्यांचं जग. "बाजाराला जातो," ते म्हणाले, "पन पळत जातो न् पळत येतो." बदली माणूस मिळाला तर चार-सहा महिन्यांतून एकदा नगरला जायला मिळायचं. मी म्हणाले, "हमीदभाई, मी लेखी देते. त्या दिवशी मी तुम्हाला काय सांगितलं, ते सगळं."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या बाई, झालं ते झालं. असं म्हणवून घ्यायलाच मी गेले होते बहुतेक.

ते म्हणाले, "द्या."

चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "दिलं तर बरं हुईल, बाई. पोरगी मोठी व्हायलीय." मग घड्याळ पाहिलं, दोन वाजत आले होते, आणि ते उठून पट्टीकडं गेले.

नगरला परतल्यावर मी खरंच ते लिहिलं. दोन पानं. पाकिटात घातली, पत्ता लिहिला. त्याच महिन्यात माझा कायम नेमणुकीचा हुकूम आला. पाकीट आधी आठवडाभर पर्समध्ये राहिलं, मग कपाटात, मग लग्न होऊन पुण्याला येताना ट्रंकेच्या तळाशी. ते कुठं गेलं ते मला आज सांगता येणार नाही. हमीदभाई त्या चौकीवर सहा वर्षं होते. पुढं चौकीच बंद झाली, तेव्हा आपोआप नगरला आले. त्यांनी मला कधीही विचारलं नाही. निवृत्तीनंतर एकदा कुणाकडून तरी नंबर मिळवून फोन केला होता, "बाई, बऱ्या हाय ना?" मी बरी होते. मी तोवर एका मोठ्या कंपनीत पोचले होते आणि तिथं माझं काम काय, तर प्रोग्रॅम लिहिणारी मुलं ठरलेली पद्धत पाळतात की नाही, ते तपासणं. मुलं माझ्यावर चिडायची. मी त्यांना सांगायची, सही करणाऱ्यानं स्वतः बघायचं असतं. हे वाक्य कुणाचं, ते मात्र सांगत नसे.

गेल्या आठवड्यात मी नगरला गेले. जुबेदाभाभी पलंगावर टेकून बसल्या होत्या. छातीचं दुखणं अंगावर काढत त्या ऐंशीच्या पुढं आल्या आहेत. रुक्साना शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त व्हायच्या बेतात. तिनं चहा आणला. मी चहा घ्यायच्या आधी सगळं सांगितलं. साडेतीन वाजता मी म्हटलेलं "हो", चौकशीतलं गप्प बसणं, न टाकलेलं पाकीट. माझं संपल्यावर भाभी म्हणाल्या, "सहा वर्सं. ते रजेवर यायचे, तर ही पोरगी त्यान्ला मामू म्हनायची. घरात मामूच बघितलेला तिनं. अब्बा म्हनायला शिकवता शिकवता त्यांची रजा सरायची."

मी "माफ करा" म्हणाले की नाही, आठवत नाही. त्या आडव्या होऊन भिंतीकडं वळल्या. रुक्साना उठली आणि मीही तिच्यामागून अंगणात आले.

अंगणात पाण्याचा सिमेंटचा हौद आहे. त्याच्या आतल्या अंगाला फूट आणि इंच रंगवलेले, काळे-पांढरे, बारीक हातानं. शेजारच्या कोनाड्यात एक वही. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, म्हणून अब्बा हे लिहायचे, रुक्सानानं सांगितलं. दिवसातून चार वेळा. आम्ही घरचे हसायचो, ती म्हणाली. वहीत पानंच्या पानं त्यांचं तिरकं अक्षर होतं आणि एका सकाळच्या सहाच्या नोंदीनंतर ते थांबलं होतं. त्याखाली रुक्सानाचं अक्षर सुरू झालं होतं, एकही वेळ न चुकवता.

आतून भाभींचा आवाज आला, "रुक्साना, धा वाजले."

तिनं वही उघडली, पेनचं टोपण काढलं. मी हौदाच्या अगदी कडेशी उभी होते. वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दोन फूट तीन इंच."

रुक्सानानं मान हलवली. वही कठड्यावर ठेवली, चष्मा नीट केला, माझ्या बाजूनं पुढं येऊन हौदात वाकून स्वतः पाहिलं. मग परत गेली आणि लिहिलं.